टू-डी इको करणारे हात

मागच्या अंकात शिष्यवृत्ती मिळालेल्या मुलामुलींची यादी छापली होती. नर्सिंग, डी.एड., आयटीआय हे अभ्यासक्रम सगळ्यांच्या ओळखीचे आहेत. पण एका नावापुढे ‘कार्डिऑलॉजी टेक्निशियन’ असे लिहिले होते आणि त्याबद्दल तीन-चार वाचकांनी विचारणा केली. एका वडीलधाऱ्या भगिनींनी तर फोनवर सरळच विचारले, “अगं, ही मुलगी ईसीजी काढणार का? त्याला चार वर्षं कशाला लागतात?”

प्रश्न रास्त आहे. आपण दिलेला पैसा कशासाठी जातो हे देणाऱ्याला कळलेच पाहिजे. म्हणून हा लेख. मी डॉक्टर नाही. माझे शिक्षण ईश्वरविज्ञानाच्या पदविकेचे आणि काम समाजसेवेचे. पण धडगाव, अक्कलकुवा, नवापूर भागातल्या रुग्णांना घेऊन धुळे, नाशिक, कधी सुरतेच्या रुग्णालयांतल्या बाकांवर बसणे हा या कामाचा मोठा भाग आहे. त्या बाकांवर तासन्‌तास बसून आणि तिथल्या माणसांना विचारून विचारून जे समजले ते सांगते.

आधी ईसीजी आणि इको यांतला फरक. ईसीजीमध्ये छातीला तारा लावून हृदयातल्या विजेची नोंद कागदावर घेतात. ठोका नियमित पडतो का, झटका येऊन गेला का, हे त्यातून कळते. पण हृदयाच्या आत झडप नीट उघडते का, भिंत किती जाड आहे, दोन कप्प्यांमध्ये भोक आहे का, हे ईसीजी दाखवू शकत नाही. त्यासाठी हृदय चालू असताना डोळ्यांनी पाहावे लागते. ते पाहण्याची रीत म्हणजे इकोकार्डिओग्राफी, ज्याला आपल्याकडे सगळे ‘टू-डी इको’ म्हणतात. पोटाच्या सोनोग्राफीचीच ही बहीण. आणि मानेतल्या, हातापायांतल्या रक्तवाहिन्या याच पद्धतीने तपासल्या की त्याला बोलीभाषेत ‘डॉपलर’ म्हणतात. ज्यांचे पूर्णवेळ काम हे आहे, ते हृदय व रक्तवाहिन्यांचे अल्ट्रासाउंड टेक्नॉलॉजिस्ट. अमेरिकेत हृदयाची वेगळी आणि रक्तवाहिन्यांची वेगळी परीक्षा देऊन नोंदणी होते. आपल्याकडे अनेक ठिकाणी डॉक्टर स्वतःच इको करतात. मोठ्या रुग्णालयांत मात्र प्रशिक्षित टेक्नॉलॉजिस्ट चित्रे घेतात, मोजमापे करतात आणि हृदयरोगतज्ज्ञ ती पाहून, गरज वाटली तर स्वतः पुन्हा प्रोब धरून, अहवालावर सही करतात.

यंत्र कसे चालते, ते सातपुड्यातल्या माणसाला समजावणे फार सोपे आहे. दरीच्या काठावर उभे राहून हाक मारली की समोरच्या डोंगरावरून ती परत येते. डोंगर जवळ असेल तर लवकर, लांब असेल तर उशिरा. प्रोबमधले स्फटिक हेच करतात. माणसाच्या कानाला सेकंदाला फार तर 20,000 कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. हृदय तपासताना वापरतात तो आवाज सेकंदाला वीस लाखांपासून पन्नास लाख कंपनांच्या आसपासचा असतो. शरीराच्या मऊ भागातून तो सेकंदाला सुमारे 1,540 मीटर या वेगाने जातो, आत भिंत किंवा झडप लागली की थोडा परत फिरतो. परत यायला लागलेल्या वेळेवरून यंत्र अंतर काढते आणि अशा हजारो हाकांमधून पडद्यावर हलते चित्र उभे राहते. यात क्ष-किरण नाहीत, सुई नाही, भूल नाही. गरोदर बाईचे आणि चार दिवसांच्या बाळाचेही हृदय असे तपासता येते.

या आवाजाला दोन गोष्टी चालत नाहीत, हवा आणि हाड. म्हणून त्वचा आणि प्रोब यांच्यामध्ये ते गार, चिकट जेल लावतात. ते औषध नसते, फक्त मधली हवा घालवण्यासाठी असते. (आमच्या एका आजोबांनी “मलम फार गुणकारी आहे, थोडं घरी द्या” असा हट्ट धरला होता.) आणि म्हणूनच रुग्णाला डाव्या कुशीवर झोपवतात. तसे केले की हृदय छातीच्या भिंतीजवळ येते आणि फुप्फुस थोडे बाजूला सरकते. मग बरगड्यांमधल्या बोटभर फटीतून आत डोकावायचे. ही फट प्रत्येकाची वेगळी. बारीक मुलात ती सहज सापडते. दम्याने छाती फुगलेल्या विडीवाल्या काकांमध्ये दहा-दहा मिनिटे शोधावी लागते. “श्वास सोडा… आता थांबा” हे शब्द त्या खोलीत दिवसभर ऐकू येतात.

या तपासणीचा जन्म कसा झाला, हे मला विशेष वाटते. स्वीडनमधल्या लुंड येथे इंगे एडलर नावाचे हृदयरोगतज्ज्ञ होते. मायट्रल झडप आखडलेल्या रुग्णांची शस्त्रक्रिया तेव्हा नव्याने सुरू झाली होती, पण छाती उघडण्यापूर्वी झडपेची अवस्था नेमकी जाणण्याचा चांगला मार्ग नव्हता. त्यांनी कार्ल हेल्मुट हर्ट्‌झ या तरुण भौतिकशास्त्रज्ञाला गाठले. जहाजबांधणीच्या कारखान्यात पोलादाच्या जोडणीत कुठे चीर राहिली आहे का, हे बघण्यासाठी ध्वनिलहरींचे यंत्र वापरत. हर्ट्‌झ यांनी माल्मोच्या गोदीतले असेच एक यंत्र उसने आणून पाहिले, आणि 29 ऑक्टोबर 1953 रोजी या दोघांनी हलत्या हृदयाची पहिली नोंद घेतली. पुढे 1977 मध्ये दोघांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. लोखंड तपासण्याचे यंत्र ज्या झडपेसाठी माणसाच्या छातीवर ठेवले गेले, तीच मायट्रल झडप आजही आपल्या पाड्यांवरच्या मुलींचा जीव घेते आहे. श्रीमंत देशांत तो आजार जवळजवळ संपला.

त्या आजाराविषयी थोडे सविस्तर सांगितलेच पाहिजे, कारण आपल्या कामाशी त्याचा सर्वात जवळचा संबंध आहे.

पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाचा घसा दुखतो, ताप येतो. स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जंतूमुळे हे झाले असेल आणि वेळीच औषध मिळाले नाही, तर काही मुलांमध्ये दोन-तीन आठवड्यांनी ‘र्‍हुमॅटिक ताप’ येतो. सांधे सुजतात, आज गुडघा तर उद्या घोटा. जंतूशी लढणारी शरीराची शक्ती चुकून स्वतःच्याच हृदयावर चालून जाते. सांधे बरे होतात, मूल पुन्हा शेळ्या राखायला जाते, घरचे विसरून जातात. झडप मात्र विसरत नाही. दरवेळी घसा बिघडला की ती आणखी जाड होते, कडा एकमेकींना चिकटतात. एका खोलीत आठ-दहा माणसे झोपतात, वसतिगृहात बिछान्याला बिछाना लागलेला असतो, दवाखाना लांब असतो. तिथे हा जंतू एकाकडून दुसऱ्याकडे सहज जातो. हा गरिबीचा आजार आहे असे डॉक्टर म्हणतात तेव्हा त्यात अतिशयोक्ती नसते.

निरोगी मायट्रल झडप उघडते तेव्हा तिचे तोंड चार ते सहा चौरस सेंटिमीटर असते. ते दीडपर्यंत किंवा त्याखाली आले की आजार गंभीर समजतात. इकोच्या पडद्यावर अशा झडपेचे पुढचे पान वाकून हॉकीच्या काठीसारखे दिसते. टेक्नॉलॉजिस्ट मंडळी हाच शब्द वापरतात, आणि एकदा दाखवल्यावर माझ्यासारख्या अडाणी माणसालाही ते ओळखता आले.

मुलगी अठरा-एकोणीस वर्षांची होते, तिचे लग्न होते, दिवस राहतात. गरोदरपणात शरीरातले रक्त सुमारे 40 ते 50 टक्क्यांनी वाढते. अरुंद दारातून एवढे रक्त पुढे जाईना की ते मागे फुप्फुसात तुंबते. पाचव्या-सहाव्या महिन्यापासून तिला धाप लागते, आडवे झोपवत नाही, रात्री उठून बसावे लागते. घरात म्हणतात, पहिलटकरीण आहे, अशक्तपणा आहे. कुणी म्हणते, बाहेरचे काही लागले आहे. मग भगताकडे नेतात. मी भगताकडे जाणाऱ्यांना हसत नाही. तो पाड्यावर असतो, रात्री दोन वाजता उठतो आणि त्यांच्या भाषेत बोलतो. यांपैकी एकही गोष्ट आपण अजून देऊ शकलेलो नाही. अशीच एक तरुणी रक्तवाढीच्या गोळ्या खात तीन ठिकाणी फिरून शेवटी आमच्याबरोबर शहरात आली. इकोच्या खोलीत पंचवीस मिनिटे लागली आणि तिच्या धापेचे कारण पडद्यावर दिसले. तिच्यावर फुग्याने झडप उघडण्याची प्रक्रिया झाली. मांडीच्या शिरेतून नळी घालून, झडपेत फुगा फुगवून चिकटलेल्या कडा मोकळ्या करायच्या, ही पद्धत जपानच्या कांजी इनोउए यांनी 1980च्या दशकाच्या सुरुवातीला आणली. छाती उघडावी लागत नाही. पण कोणत्या झडपेला फुगा चालेल आणि कोणतीला नाही, हेही आधी इकोवरच ठरते: पाने किती जाड आहेत, किती हलतात, चुना किती साठला आहे, खालच्या दोऱ्या आखडल्या आहेत का.

झडप खराब होण्याआधीच मूल सापडले तर? युगांडाच्या उत्तर भागातल्या गुलू येथे शाळकरी मुलांचे इको करून, ज्यांना अजून काहीच त्रास नाही पण झडपेवर आजाराची पहिली खूण दिसते अशा 818 मुलांवर अभ्यास झाला. निम्म्यांना दर चार आठवड्यांनी पेनिसिलीनचे इंजेक्शन दिले, निम्म्यांना नाही. दोन वर्षांनी, इंजेक्शन न घेतलेल्यांपैकी 8.2 टक्के मुलांचा आजार पुढे सरकला होता. घेतलेल्यांपैकी फक्त 0.8 टक्के. 2021 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. औषध जुने आणि स्वस्त आहे. अडचण मुले शोधण्याची आहे. आपल्याकडे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्या आणि शाळांमध्ये, आश्रमशाळांतही, मुलांची तपासणी करतात, हे काम मोलाचे आहे. पण पथकाच्या हातात स्टेथोस्कोप असतो, आणि सुरुवातीच्या आजारात कानाला काहीच वेगळे ऐकू न येणे शक्य असते. संशय आला की मूल पुढे पाठवतात, पुढे इको व्हावा लागतो, आणि इको करणारा माणूस तिथे आठवड्यातून एकच दिवस येतो. यंत्र असते, त्यावर कापड झाकलेले असते. हे मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिले आहे.

आता त्या भगिनींच्या प्रश्नाकडे येते, की चार वर्षे कशाला. फोटो काढायलाच तर बसायचे ना?

1842 मध्ये ख्रिश्चन डॉपलर या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने मांडलेला नियम आपण रोज अनुभवतो. एसटी हॉर्न वाजवत जवळ येते तेव्हा आवाज चढा वाटतो, पुढे निघून गेली की उतरतो. रक्तही असेच. प्रोबकडे येणाऱ्या रक्तावरून परतलेल्या लहरी चढतात, दूर जाणाऱ्यावरून उतरतात, आणि त्यावरून यंत्र रक्ताचा वेग सांगते. पडद्यावर येणारे रक्त लाल, जाणारे निळे दाखवायची पद्धत आहे. (लाल म्हणजे शुद्ध आणि निळे म्हणजे अशुद्ध असा समज करून नातेवाईक घाबरतात. तसे काही नसते.) झडप जितकी अरुंद, तितके रक्त जोरात बाहेर पडते, पाइपाच्या तोंडावर बोट ठेवल्यासारखे. या वेगाचा वर्ग करून चारने गुणले की झडपेच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मिळतो. महाधमनीच्या झडपेतून रक्त सेकंदाला 4 मीटरने जात असेल तर फरक 64 आला. हा गंभीर आजार, शस्त्रक्रियेचा विचार करायला हवा.

पण हे सारे प्रोब रक्ताच्या धारेच्या सरळ रेषेत असेल तरच खरे. हात तिरका पडला तर यंत्र वेग कमी दाखवते. कोन साठ अंशांनी चुकला तर 4 मीटरचा वेग 2 मीटर दिसेल आणि दाबाचा फरक 64 ऐवजी 16 येईल. यंत्र कुरकुर करणार नाही, दिवा लागणार नाही, चित्रही छान दिसेल. कागदावर ‘सौम्य’ असे छापून येईल, रुग्ण आनंदाने गाडी पकडून घरी जाईल, आणि काही महिन्यांनी शेतात कोसळेल. क्ष-किरणाचा फोटो वाईट आला तर तो वाईट आहे हे डॉक्टरांना दिसते. इकोमध्ये जे चित्र घेतलेच नाही, ते नंतर कुणालाच दिसत नाही. म्हणून टेक्नॉलॉजिस्टला फक्त बटणे माहीत असून भागत नाही. हृदयाची रचना, आजारांची चाल, लहरींचे भौतिकशास्त्र, सगळे डोक्यात असावे लागते, आणि एका बाजूने संशय आला तर दुसऱ्या फटीतून, मानेखालून, पोटाच्या वरच्या बाजूने तीच धार पुन्हा पकडण्याची चिकाटी लागते. पूर्ण तपासणीला अर्धा-पाऊण तास लागतो, तो यामुळे. जिथे दहा मिनिटांत एक असे चाळीस इको उरकले जातात, तिथल्या अहवालावर माझा तरी भरवसा बसत नाही.

रक्तवाहिन्यांच्या बाजूचे काम वेगळे. बाळंतपणानंतर किंवा मोठ्या शस्त्रक्रियेनंतर एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली, तर खोल शिरेत गुठळी झाली असेल अशी शंका येते. ती सुटून फुप्फुसात गेली तर माणूस मिनिटांत दगावू शकतो. ही तपासणी ऐकायला फारच साधी आहे: मांडीपासून खाली दर एक-दोन सेंटिमीटरवर प्रोबने शीर दाबायची. निरोगी शीर कागदासारखी चपटी होते. गुठळी असलेली दबत नाही. मात्र शीर कोणती, धमनी कोणती, दाब किती आणि किती जपून द्यायचा हे हाताला कळायला शेकडो पाय तपासावे लागतात. तंबाखू आणि विडीने ज्यांच्या पायांच्या धमन्या बंद पडत आल्या आहेत, चालताना पोटरी भरून येते, अंगठा काळा पडतो, अशांचे रक्त नेमके कुठे अडले आहे हेही डॉपलर दाखवते. डायलिसिसच्या रुग्णाच्या हातातला जोड, फुगलेल्या शिरा, मानेतल्या धमन्या हीदेखील त्यांचीच कामे. ती भराभर सांगून पुढे जाते, कारण एक गोष्ट आपल्याला अधिक जवळची आहे: सिकलसेल.

नंदुरबार आणि गडचिरोलीच्या आदिवासी समाजांत सिकलसेल किती आहे हे या पत्रिकेच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. विळ्याच्या आकाराच्या पेशी, हाडांच्या असह्य वेदना, वारंवार रक्त चढवणे, हे आपण पाहतो. पण या मुलांना पक्षाघात होतो हे फार थोड्यांना माहीत आहे. सहा-सात वर्षांच्या मुलाचा हात अचानक लुळा पडतो, वाचा जाते. तो धोका आधी ओळखता येतो, आणि तोही अल्ट्रासाउंडनेच. कानाच्या वर, कवटीचे हाड जिथे पातळ असते तिथे प्रोब ठेवून मेंदूच्या धमन्यांतल्या रक्ताचा वेग मोजतात. सरासरी वेग सेकंदाला 170 सेंटिमीटरखाली असेल तर ठीक. 200 किंवा त्याहून जास्त असेल तर धोका मोठा. 1998 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा धोक्यातल्या मुलांना नियमित रक्त दिल्यावर पक्षाघाताचे प्रमाण 92 टक्क्यांनी कमी झाले. दोन ते सोळा वर्षांच्या सिकलसेलच्या मुलांची ही तपासणी वर्षातून एकदा करावी असा तिकडे प्रघात आहे. 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. त्यामुळे रक्ततपासणीला वेग आला, पिवळी-लाल कार्डे वाटली गेली. कार्ड हातात आलेल्या मुलाच्या डोक्याला प्रोब लावणारा माणूस मात्र आपल्या तालुक्यांत मला अजून भेटलेला नाही.

आता त्या खोलीविषयी. पडदा दिसावा म्हणून दिवे मंद केलेले असतात. यंत्र तापू नये म्हणून गारवा असतो. बाईला कमरेच्या वर कपडे काढून, डाव्या कुशीवर, डावा हात डोक्याखाली घेऊन झोपायचे असते, आणि परका पुरुष तिच्या छातीवर प्रोब फिरवणार असतो. आपण शहरातल्या बायकाही संकोचतो. मग जी पहिल्यांदाच पाडा सोडून आली आहे, जिला मराठीसुद्धा धड येत नाही, तिचे काय होत असेल? मी स्वतः अशा बाईला खोलीच्या दारातून परत फिरताना पाहिले आहे. आमच्याबरोबर आलेल्या तिच्या सासऱ्यांनी “चल घरी” एवढेच म्हटले. वेल्लोरच्या आयडा स्कडर यांची गोष्ट आपण संडे स्कूलपासून ऐकत आलो आहोत. पुरुष डॉक्टर चालणार नाही म्हणून एका रात्रीत तीन बायका उपचाराविना गेल्या, आणि त्यातून पुढे 1918 मध्ये स्त्रियांसाठी वैद्यकीय शाळा उभी राहिली. शंभर वर्षे उलटली तरी दाराशी अडलेली बाई तीच आहे, फक्त खोली बदलली. तिथे पावरी किंवा मावची बोलणारी मुलगी चादर हातात घेऊन उभी असेल, “एवढंच उघडायचं, बाकी झाकून ठेवू” असे तिच्या भाषेत सांगत असेल, तर ती बाई आत जाते. याला पुराव्याची गरज मला वाटत नाही.

आणखी एक अवघड गोष्ट. तपासणी चालू असताना रुग्ण पडद्याकडे बघत नाही, टेक्नॉलॉजिस्टच्या चेहऱ्याकडे बघतो. पडद्यावर काय आहे हे तिला कळलेले असते, पण सांगण्याचा अधिकार तिला नाही. निदान डॉक्टरांनीच सांगायचे. पोटातल्या बाळाचे हृदय थांबलेले, तरुण बापाचे हृदय जेमतेम आकुंचन पावते आहे, हे सारे बघत चेहरा शांत ठेवून “आता थोडं उजवीकडे वळा” म्हणायचे. तेवीस-चोवीस वर्षांच्या मुलींकडून आपण ही अपेक्षा करतो. अहवाल तातडीचा असेल तर तिने रुग्णाला न घाबरवता डॉक्टरांना तिथल्या तिथे बोलवायचे असते. अशा मुलींना कुणीतरी बोलायला हवे असते. त्यांच्या वसतिगृहांना भेट देणाऱ्या पाळकसाहेबांनी हे ध्यानात घ्यावे अशी माझी विनंती आहे. देहाचेही सोसावे लागते: हात लांब करून, मान वळवून, तासन्‌तास दाब देऊन प्रोब धरल्याने खांदा, मनगट आणि मान दुखणे हा या कामातला सर्वांना माहीत असलेला त्रास आहे.

कायद्याविषयी दोन शब्द, कारण काही प्रेमळ हितचिंतक आपले जुने पोर्टेबल सोनोग्राफी यंत्र ‘मिशनसाठी’ पाठवू इच्छितात. कृपया पाठवू नका. गर्भलिंग निदानाला बंदी घालणाऱ्या 1994च्या कायद्यानुसार नोंदणी नसलेल्या ठिकाणी असे यंत्र विकणे, देणे किंवा ठेवणे गुन्हा आहे. इकोचे यंत्रही यातून सुटत नाही. शिबिरात यंत्र हलवायचे तरी आधी परवानगी लागते, आणि ते कुणी चालवायचे हेही ठरलेले आहे. हा जाच नाही. आपल्या राज्यात पोटातल्या मुलींचे काय झाले हे ज्यांना आठवते, ते या कायद्याला नावे ठेवणार नाहीत.

राहिले शिक्षण. महाराष्ट्रात नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बी.पी.एम.टी. हा अभ्यासक्रम आहे, त्यात कार्डिऑलॉजी टेक्निशियन ही शाखा येते. बारावी विज्ञान शाखेतून, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र घेऊन उत्तीर्ण व्हावे लागते. तीन वर्षे शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप, ही ती चार वर्षे. अशा तंत्रज्ञांच्या नोंदणीसाठी आणि शिक्षणाच्या दर्जासाठी 2021 मध्ये केंद्राने स्वतंत्र कायदा केला. त्यामुळे नियम बदलत आहेत, प्रवेशाच्या वर्षी ते ताजे पाहून घ्यावेत. तालुक्याच्या गावी भिंतीवर ‘सहा महिन्यांत सोनोग्राफी टेक्निशियन, नोकरीची हमी’ असे रंगवलेले वर्ग दिसतात. त्यांना मान्यता आहे का, कुठल्या विद्यापीठाची, शिकवायला रुग्णालय कोणते, हे तीन प्रश्न विचारा. आमच्या भागातल्या एका बापाने बैलजोडी विकून अशा ठिकाणी फी भरली आणि मुलाच्या हाती आलेला कागद कुठेही चालला नाही.

आदिवासी मुलांची अडचण गुणांपेक्षा कागदांची अधिक असते. अनुसूचित जमातीच्या राखीव जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्र लागते, आणि त्यासाठी आजोबा-पणजोबांच्या काळातले पुरावे मागतात. ज्यांच्या घरात पहिल्यांदा शाळेत गेलेला माणूस बापच आहे, त्यांनी ते कुठून आणायचे? महसुलाची जुनी नोंद, गावनमुना, जन्ममृत्यूचे रजिस्टर शोधत फिरावे लागते. हे काम बारावीच्या निकालानंतर सुरू केले तर प्रवेश हातचा जातो. ज्या मंडळ्यांत मुले आज अकरावी विज्ञानाला आहेत, तिथल्या पंचांनी आणि तरुण संघाने याच वर्षी अर्ज भरून घ्यावेत. कागद जमवायला अडचण आली तर आमच्या कार्यालयात मुलाला पालकांसह पाठवा, आम्ही तहसीलला बरोबर येऊ. फीपैकी बराच भाग सरकारी शिष्यवृत्तीतून परत मिळतो, पण तो उशिरा येतो. तोवर खोलीभाडे, खानावळ, पांढरा कोट आणि पुस्तके यांचा खर्च आपल्या निधीतून होतो. मागच्या यादीतल्या त्या नावापुढची रक्कम त्यासाठीच आहे.

त्या मुलीचे हे दुसरे वर्ष. परवा तिचा फोन आला होता. त्यांना अजून यंत्राला एकट्याने हात लावू देत नाहीत. संध्याकाळी रुग्ण संपले की मैत्रिणी एकमेकींच्या छातीवर प्रोब धरून सराव करतात. “माझी मायट्रल झडप चांगली आहे, ताई,” ती म्हणाली. “सगळ्या वर्गानं पाहिली.”